बत्तीस चित्रे आणि एक रिकामा रकाना

रविवार, ४ फेब्रुवारी

तीर्थरूप दादास,

तू विचारलेले नसताना तुला पत्र लिहिण्याचे धाडस करते आहे, याबद्दल आधीच क्षमा मागते. मोठ्या भावाच्या संसारात धाकट्या बहिणीने तोंड घालू नये, हे मला कळते. ज्या बहिणीने आजवर तुझ्यासमोर 'हो' आणि 'नको' यांपलीकडे तिसरा शब्द क्वचितच उच्चारला, तिने तर मुळीच घालू नये. हे फोनवरही सांगता आले असते. पण फोन हाती आला की माझी वाचा बसते, हे तुला ठाऊक आहे. कागदावर मला जरा बरे बोलता येते. तू मला 'पोथी' म्हणतोस ते उगाच नाही.

आज संध्याकाळी तुझा फोन आला तेव्हा मी भिंगरीच्या शेजारीच बसले होते. बोगद्याच्या छावणीत एकच फोन आणि तुझ्या पाठीमागे माणसांची रांग. त्यामुळे तू घाईने बोलतोस, हे मी समजू शकते. "काय गं, जेवलीस का? शाळेत काय शिकवलं? आईला त्रास देत नाहीस ना?" असे तीन प्रश्न तू एका दमात विचारलेस. भिंगरीने तोंड उघडले. मग तिने पंख्याकडे पाहिले. तू म्हणालास, "बरं, नाही बोलायचं तर नको बोलूस," आणि फोन ठेवलास.

तिचे तोंड त्यानंतरही उघडेच होते. काही वेळाने ती त्या बंद फोनला म्हणाली, "जेवले."

एवढेच सांगण्यासाठी मी लिहायला बसले नव्हते. आणखी एक गोष्ट आहे. पण आज नको.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

रविवारचे पान पाकिटात घालून ठेवले आणि पेटीत टाकले नाही. मुख्य गोष्ट नसलेले पत्र पाठवणे म्हणजे प्रश्नपत्रिकेतले सोपे प्रश्न सोडवून उठून जाण्यासारखे आहे, असे वाटले.

आधी इथली हकिकत सांगते. भिंगरीच्या वर्गशिक्षिकेने या महिन्यात तिसऱ्यांदा वहीत लाल शाईने लिहून पाठवले आहे : "मुलगी हुशार आहे, पण मुद्दाम लक्ष देत नाही." बाई वर्गात सांगतात, "वही काढा, तारीख घाला, पान बारा उघडा." बाकीची मुले बाराव्या पानावर पोचतात आणि आपली भिंगरी वही हातात धरून, आता हिचे काय करायचे असते बरे, अशा चेहऱ्याने बसलेली असते. मग तिला खिडकीपाशी उभे करतात. सात वर्षांच्या मुलीला कुणी उभे केले तर तिने रडावे. ही खाली रस्त्यावरच्या गाड्या मोजते. ते पाहून बाईंना अधिकच राग येतो.

बाईंना दोष देववत नाही. त्यांच्या कपाटात भिंगरीच्या गेल्या वर्षीच्या भाषा-तपासणीचा अहवाल आहे. तुला तो पाठ असेल : "भाषा वयानुरूप. शब्दसंग्रह उत्तम." तो कागद तू स्वयंपाकघरात उभा राहून दोनदा मोठ्याने वाचला होतास आणि वहिनीला म्हणाला होतास, "मुलीत काही नाही. जे काही आहे ते तुझ्या कोडकौतुकात आहे."

वहिनी म्हणाली, "मी आई आहे. मला दिसतं ते त्या कागदाला दिसलेलं नाही."

"म्हणजे कागद खोटा?"

"असेल."

तू हसलास. त्या हसण्यानंतर तुम्ही दोघे एकमेकांशी जे बोललात ते मी इथे लिहीत नाही. पंधरा दिवसांनी, दोनदा नाकारलेली बोगद्यावरची बदली तू स्वीकारलीस. "कामाचा भाग आहे," असे आम्हा सर्वांना सांगितलेस. त्याला आता अकरा महिने झाले.

आता शिडीबद्दल. गेल्या महिन्यात आपल्या इमारतीच्या जिन्याला रंग देत होते. भिंतीला एक लाकडी शिडी टेकवलेली होती. भिंगरी तिच्यापुढे थांबली आणि माझा हात ओढून म्हणाली, "आत्या, ते... ते चढायचं... पाय, पाय, पाय..."

मी विचारले, "काय म्हणतात गं त्याला?"

तिला आठवेना. रंगारी वरूनच म्हणाला, "शिडी, शिडी! नीट बघून घे, नाहीतर मी पडलो की घरी जाऊन काय सांगशील?"

ती हसली. मला हसता आले नाही. एका वर्षापूर्वी परीक्षक बाईंच्या समोर, चित्र दिसताक्षणी तिने खणखणीत आवाजात 'शिडी' म्हटले होते. त्या खोलीत मी होते. दोन मजले चढून गेल्यावर मी पायरीवर बसले, आणि भिंगरीही माझ्या शेजारी बसली, कारण तिला वाटले हा एक खेळ आहे.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

आता लिहितेच.

त्या तपासणीचे दोन दिवस होते, मध्ये एक आठवडा. वहिनीला प्रयोगशाळेतून सुटी मिळेना, म्हणून दोन्ही वेळा भिंगरीला घेऊन मी गेले. पहिल्या दिवशी परीक्षक बाईंनी तिच्याशी ओळख करून घेतली, ठोकळे खेळायला दिले, आणि मग त्यांना शेजारच्या खोलीतून बोलावणे आले. त्यांचे चित्रांचे पुस्तक टेबलावर राहिले होते. मी ते चाळले. बत्तीस पाने होती. मला दोन मिनिटे लागली.

पाहुणे आले की तू मला पुढे उभे करून सांगायचास, "हिने एकदा वाचलं की पाठ!" त्याच पाठांतराने मी हे दिवे लावले. घरी येऊन जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर मी ती बत्तीसही चित्रे काढली : कुलूप, कात्री, छत्री, शिडी. बाईंच्या कागदावर ज्या सूचना ओझरत्या दिसल्या होत्या त्याही घेतल्या. "लाल चेंडू डब्याखाली ठेव, मग टाळी वाजव." आठवडाभर, तू कामावर आणि वहिनी प्रयोगशाळेत असताना, मी भिंगरीकडून ते सारे घोटून घेतले. बरोबर उत्तराला एक चांदणी. ती चांदण्यांसाठी जीव टाकायची.

तपासणीच्या दुसऱ्या दिवशी तिने बत्तीसपैकी एकतीस चित्रे ओळखली. घुबड तेवढे राहिले. परत येताना, दादा, मी त्या एका घुबडासाठी हळहळले. याहून मोठी कबुली माझ्यापाशी नाही.

मी दुष्टपणाने केले नाही, एवढे तरी तू मानशील. मला वाटले, परीक्षा आली म्हणजे ती उत्तीर्ण व्हायची असते. एखाद्या मुलीला कुठे आणि किती मदत हवी आहे हे कळावे म्हणून कुणी परीक्षा घेत असेल, असे मला पहिलीपासून पदवीपर्यंत कुणी शिकवले नाही; आणि पहिल्या क्रमांकाच्या मुलीने कधी विचारलेही नाही. नापास झालेल्यांनाच बहुधा असले प्रश्न पडतात.

आणि तुम्ही स्वयंपाकघरात भांडत होतात तेव्हा मी आतल्या खोलीत होते. पुस्तक उघडे होते. तासभर एकच पान पाहत होते. दार ढकलून दोन वाक्ये बोलायची होती, तेवढेच. ती मी बोलले नाही. तू निघालास त्या सकाळीही बोलले नाही. तुझ्या पेटीचे कुलूप लागत नव्हते, ते मी लावून दिले.

दोष वहिनीच्या कोडकौतुकात नव्हता. माझ्या हुशारीत होता.

शनिवार, १० फेब्रुवारी

काल रात्री तुला लिहून झाल्यावर वाटले, तुझ्याआधी हे ऐकण्याचा हक्क दुसऱ्या कुणाचा तरी आहे. वहिनी इस्त्री करत होती. मी पुठ्ठ्यांचा गठ्ठा तिच्यापुढे ठेवला आणि सगळे सांगितले.

तिने इस्त्री उभी करून ठेवली. चित्रे एकेक करून पाहिली. मग म्हणाली, "छान काढली आहेस. कात्री तर अगदी खरी वाटते."

"वहिनी, तू मला मार, पण असं बोलू नकोस."

"तुझ्या भावाने मला काय काय ऐकवलं ते ऐकलं होतंस ना?"

"हो."

"कुठे होतीस?"

"आत. अभ्यास करत होते."

"मग? पास झालीस ना?"

एवढे बोलून तिने पुन्हा इस्त्री उचलली आणि भिंगरीच्या शाळेच्या सदऱ्याची तीच बाही चार वेळा केली. मी उठून जाऊ लागले तेव्हा पाठीमागून म्हणाली, "उद्या अकराला मी वाचातज्ज्ञ बाईंकडे जाणार आहे. महिन्यापूर्वीच वेळ घेतली आहे. तुझ्या त्या कागदावर माझा कधीच विश्वास नव्हता. तूही चल. हे सगळं तिथे सांग. मला सांगून काय उपयोग, मला तर माहीतच होतं की मुलीला काहीतरी अडतंय."

आज आम्ही गेलो. रुग्णालयाच्या मागच्या अंगाला दोन खोल्या आहेत. खुर्च्या इतक्या बुटक्या की गुडघे हनुवटीला लागतात. मी गठ्ठा टेबलावर ठेवला आणि दुसऱ्यांदा सांगितले. वाचातज्ज्ञ बाई वयाने मोठ्या आहेत. चष्मा डोक्यावर ठेवून तो टेबलावर शोधतात. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "बत्तीस चित्रं दोन मिनिटांत? अगं, तपासायला तुलाच आणायला हवं होतं!"

मला रडू आले, तशा त्या गंभीर झाल्या. "हे बघ. तुझ्या हट्टापायी या मुलीचं एक वर्ष गेलं, ते मी 'जाऊ दे' म्हणणार नाही. पण ती सात वर्षांची आहे, सत्तर नाही. रडणं झालं की सांग, आपण कामाला लागू."

तासभर त्या भिंगरीबरोबर जमिनीवर बसल्या. नंतर त्यांनी जे सांगितले ते मला समजले तसे देते. तिचे कान ठीक आहेत, बुद्धीही चांगली आहे. पण ऐकलेले वाक्य तिच्या मनात उतरायला वेळ लागतो, आणि बोलायचा शब्द सापडायलाही वेळ लागतो. एकदम तीन गोष्टी सांगितल्या की तिसरी येईपर्यंत पहिली हातून निसटते. मग ती पंख्याकडे पाहते, आणि आपण म्हणतो, लक्ष नाही. यात आळस नाही, हट्ट नाही, आणि कुणाच्या लाडांचा तर काडीचाही संबंध नाही. हे शेवटचे वाक्य त्यांनी आपणहून म्हटले. वहिनी त्या वेळी खिडकीबाहेर पाहत होती.

पक्के निदान पूर्ण तपासणीनंतरच, वेगळ्या चित्रांवर. तोवर घरासाठी एकच नियम दिला आहे. "एका वेळी एकच गोष्ट विचारायची. मग तोंड बंद, आणि मनात दहा मोजायचे. भुवईसुद्धा वर करायची नाही."

वहिनी म्हणाली, "दहा? आमच्या घरी दोनावर उत्तर मिळतं. तेही तिसऱ्याच माणसाकडून."

बाई खूप हसल्या. अकरा महिन्यांत वहिनीला विनोद करताना मी पहिल्यांदाच पाहिले.

रविवार, ११ फेब्रुवारी

आजच्या फोनबद्दल तुला लिहिणे हास्यास्पद आहे, कारण दुसऱ्या टोकाला तूच होतास. पण तुला फक्त ऐकू आले. खोलीत काय झाले ते तुला दिसले नाही, म्हणून लिहिते.

तू नेहमीप्रमाणे विचारलेस, "काय गं, बरी आहेस ना? काय करत होतीस? अभ्यास झाला?" भिंगरीने पंख्याकडे पाहिले. तू "बरं" म्हणालास. त्या 'बरं'नंतर तू फोन ठेवतोस हे मला माहीत आहे. मी तिच्या हातातला फोन घेतला आणि म्हणाले, "दादा, ठेवू नकोस. एकच काहीतरी विचार आणि मनात दहा मोज. मध्ये बोलू नकोस." हे वाक्य माझ्या तोंडून कसे निघाले ते मला अजूनही माहीत नाही. तू म्हणालास, "पोथी? तू बोलतेस?" मी फोन परत तिच्या कानाला लावला.

तू विचारलेस, "काय करत होतीस?"

वहिनी दारात येऊन उभी राहिली होती. भांडी घासता घासता आली होती. हातांवरून फेस गळत होता आणि तिला त्याचे भान नव्हते. मी मनात मोजत होते. तीनवर भिंगरीने फ्रॉकची कड मुठीत धरली. पाचवर तिचे डोळे पंख्याकडे गेले. सहावर ते परत आले. दादा, ते परत आले. इतकी वर्षे आपण तिला परत यायला वेळच दिला नव्हता. आठवर तिने श्वास घेतला.

"चित्र. बोगदा काढला. बाबा, तिकडे... तिकडे दिवा आहे?"

मला वाटले, फोन तुटला. मग तू म्हणालास, "आहे. खूप दिवे आहेत." आणि थोड्या वेळाने, "तुझ्या बोगद्यात किती काढलेस?"

त्यानंतर मला फोनमधून फार बारीक आवाजात तुझे मोजणे ऐकू आले. सहा, सात. मनात मोजायचे असते, दादा. पण असू दे.

"चार," भिंगरी म्हणाली. तेवढ्यात तुझ्या मागच्या रांगेतला कुणीतरी ओरडला, "साहेब, लग्न ठरवताय का?" आणि तू त्याला म्हणालास, "थांब जरा. माझी मुलगी बोलतेय."

वहिनीने हे ऐकले. ती परत स्वयंपाकघरात गेली आणि तिने नळ मोठा सोडला.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

दोन बातम्या आहेत. एक गोड आणि एक तुझ्या हातात असलेली.

गोड आधी. वाचातज्ज्ञ बाईंची चिठ्ठी घेऊन मी शाळेत गेले. वर्गशिक्षिकेपुढे तिसऱ्यांदा तेच सांगितले. आता मला ते पाठ झाले आहे. त्या प्रथम चिडल्या. "म्हणजे मी वर्षभर त्या पोरीला उगाच उभं केलं? आणि तुम्ही हे आत्ता सांगता?" मी मान खाली घातली. पण काल त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यात खडूने तीन लहान चित्रे काढली : वही, तारखेचा चौकोन, पान. एकेक सूचना दिली की त्या त्या चित्रावर बोट ठेवायचे. काल भिंगरी बाराव्या पानावर पोचली. सर्वांत शेवटी, पण पोचली. मागच्या बाकावरची आणखी दोन मुले तिच्याबरोबरच पोचली. त्यांनाही अडत होते, हे बाईंना कालच कळले.

सगळे एकदम सुरळीत झाले असे समजू नकोस. आज सकाळी तिने बुटासाठी शब्द सापडेना म्हणून बूटच फेकून दिला, आणि मी पाच मोजून होण्याआधीच "बूट! बूट म्हण!" असे ओरडले. जुनी खोड आहे. जाईल.

आता दुसरी बातमी. पूर्ण तपासणी सोमवारी, २६ फेब्रुवारीला, सकाळी दहा वाजता ठरली आहे. त्याआधी एक माहितीपत्रक भरून द्यायचे आहे. त्यात दोन रकाने आहेत : आईचे निरीक्षण आणि वडिलांचे निरीक्षण. हाक मारल्यावर किती वेळाने वळते? गोष्ट सांगताना कुठे अडते? कुणाबरोबर जास्त बोलते? वाचातज्ज्ञ बाई म्हणाल्या, "दोघांचं हवं. एकाच डोळ्याने पाहिलं तर खोली कळत नाही."

वहिनीने आपला रकाना भरून ठेवला आणि ती कामावर गेली. तुझा मोकळा होता. तुझे अक्षर मला हुबेहूब काढता येते, हे तुला कदाचित ठाऊक नसेल. मी पेन्सिल घेतली आणि तुझ्या रकान्यात दोन ओळी लिहिल्या. चांगल्या लिहिल्या होत्या. कुणालाही संशय आला नसता. मग टेबलावरच्या पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्याकडे लक्ष गेले, आणि आपण पुन्हा तेच करत आहोत हे दिसले. मी त्या ओळी खोडल्या. कागदावर पुसट खूण राहिली आहे. ती तुला दिसेल. दिसू दे.

वहिनीच्या रकान्यात एक जागा आहे, तेवढी वाच. 'पहिला शब्द कोणता व केव्हा बोलली?' याच्यापुढे तिने लिहिले आहे : "त्या वेळी तिचे वडील जवळ होते. त्यांना विचारावे."

मी तिला म्हटले, "मी दादाला पत्र लिहिते आहे. तुझ्याकडून काही लिहू?"

"तुझं तू लिही," ती म्हणाली. "माझ्या वतीने एक अक्षर नको. तो आला तर माझं मी बोलेन."

'आला तर' असे ती म्हणाली. मी त्यात काहीही मिळवलेले नाही.

शनिवार, १७ फेब्रुवारी

टपाल कार्यालयाच्या खिडकीसमोर उभी राहून लिहिते आहे. माझ्या पुढे अजून दोन माणसे आहेत. पाकीट जाड झाले आहे, म्हणून त्यात काय आहे ते सांगते.

बत्तीस पुठ्ठे आहेत. ते मला घरात नकोत, आणि जाळून टाकणे जरा जास्तच सोयीचे वाटले. तुझ्यापाशी राहू देत. माहितीपत्रक आहे, तुझ्या रकान्यासह. ते टपालाने परत पाठवलेस तरी वेळेत पोचेल. स्वतः घेऊन आलास तरी पोचेल. तू माझ्यावर रागावशील, त्याला माझी तयारी आहे; पण तो राग माझ्यावरच असू दे. वहिनीवर जो केलास तो पत्ता चुकून गेला होता.

आणि एक तेहतिसावा पुठ्ठा आहे. तो माझा नाही. आज सकाळी भिंगरीने पाकिटात काय चालले आहे ते पाहिले आणि स्वतःचे चित्र आणून दिले. काळा बोगदा आहे, त्यात चार पिवळे ठिपके, आणि एका टोकाला उभी असलेली कसलीशी वस्तू. मी विचारले, "हे काय आहे?" दहा मोजले. काही आले नाही. शब्द माझ्या जिभेच्या टोकावर होता, कारण मी चित्र ओळखले होते. मी ओठ दाबून धरले आणि पुन्हा दहा मोजले. वहिनी आपल्या चहाचा पेला हातात धरून माझ्याकडे पाहत होती, भिंगरीकडे नव्हे.

सोळाव्या की सतराव्या अंकाला भिंगरी म्हणाली, "शिडी. बाबाला वर यायला."

मी चांदणी दिली नाही. तिने मागितलीही नाही. ती खेळायला निघून गेली.

खिडकीमागचा माणूस विचारतो आहे, "ताई, पाकीट बंद करायचं, की इथेच कादंबरी पूर्ण करणार?" तेव्हा आता थांबते. दादा, मी एकच गोष्ट विचारली आहे. सोमवारी, सव्वीस तारखेला, सकाळी दहा वाजता तू येशील का? आता मी तोंड बंद ठेवते आणि मोजायला लागते. भुवईसुद्धा वर करणार नाही.

तुझी धाकटी बहीण,
पोथी

शनिवार, १७ फेब्रुवारी, दुपारी बारा वाजून अठरा मिनिटे.